बेसबॉलमधले असे कोणते विक्रम आहेत जे ऐकून खरे वाटतच नाहीत?

तुम्ही विचारलंय की बेसबॉलमध्ये असे कुठले विक्रम किंवा आकडे आहेत जे ऐकून माणूस "काहीपण काय!" म्हणेल, आणि खाली लिहिलंय की क्रिकेट कळतं पण बेसबॉल अजिबात नाही, तर त्या हिशेबाने सांगा. सांगतो, पण उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

अशा प्रश्नाला लोक सहसा बॅरी बाँड्सचे ७६२ होमरन (आपल्या षटकारासारखा कुंपणापारचा फटका), साय यंगचे ५११ विजय, नोलन रायनचे ५७१४ स्ट्राइकआऊट (तीन चांगले बॉल हुकवून किंवा सोडून बॅटर आऊट) असे आकडे फेकतात आणि मोकळे होतात. ते मोठेच आहेत, वाद नाही. पण माझा जीव रमतो तो हिशेबात न बसणाऱ्या आकड्यांत. म्हणजे मैदानावर घडलं एक आणि वहीत लागलं भलतंच, किंवा असं काही घडलं की आता हे लिहायचं कसं हेच स्कोअररला कळेना. बेसबॉलवाले दीडशे वर्षं प्रत्येक मॅचची बारीक नोंद ठेवण्याच्या नादात आहेत, त्यामुळे असली भानगड झाली की ती लपत नाही.

आधी जुजबी नियम. पिचर म्हणजे बॉलर, कॅचर म्हणजे विकेटकीपर. तीन आऊट झाले की बॅटिंग बदलते, दोन्ही टीमची एकेक बॅटिंग झाली की एक इनिंग, अशा नऊ इनिंग, म्हणजे प्रत्येक टीमचे २७ आऊट. बॅटर मारून, फील्डरची चूक नसताना, पहिल्या बेसवर सुखरूप पोचला तर हिट, चार बॉल बाहेर पडले तर फुकटात पहिला बेस, त्याला वॉक म्हणायचं. चारही बेस फिरून घरी आला की एक रन. टाय चालत नाही, नऊ इनिंगमध्ये निकाल नाही लागला तर पुढे खेळत राहायचं. ॲव्हरेज म्हणजे शंभर संधींत हिट किती, तीस असतील तर .३०० लिहितात आणि बोलताना "तीनशे" म्हणतात. तीनशेवाला बॅटर चांगला, चारशे म्हणजे दैवत. आणि परफेक्ट गेम म्हणजे पिचरने समोरच्या २७ च्या २७ लोकांना ओळीने आऊट करणं, हिट नाही, वॉक नाही, फील्डरची चूकसुद्धा नाही. आजवर मेजर लीगमध्ये (बेसबॉलची सगळ्यात वरची लीग) दोन लाखांहून जास्त मॅच झाल्या आणि त्यात २०२५ च्या सीझनअखेर असे गेम फक्त २४.

आता हार्वी हॅडिक्सची गोष्ट ऐका, माझ्या मते या खेळातला हा सगळ्यात भारी आणि सगळ्यात दुष्ट स्कोअरकार्ड आहे. २६ मे १९५९, मिलवॉकी. हॅडिक्स पिट्सबर्ग पायरेट्सचा लेफ्टी पिचर, त्या दिवशी सर्दी-तापाने बेजार. समोर ब्रेव्हज, आधीची दोन वर्षं लीग जिंकलेली टीम, बॅटिंगला हँक एरन, एडी मॅथ्यूज असली मंडळी. हॅडिक्सने पहिले नऊ आऊट केले, मग अठरा, मग सत्तावीस. झाला की परफेक्ट गेम! पण स्कोअर ०-०. कारण समोरचा ल्यू बर्डेट हिटवर हिट खात होता आणि तरी रन देत नव्हता. मग दहावी इनिंग, परत तीन. अकरावी, परत तीन. बारावी, परत तीन. ३६ बॅटर आले आणि ३६ गेले, एकाच मॅचमध्ये ओळीने इतके कुणी त्याआधी काढले नव्हते आणि नंतरही नाहीत. वरून कमाल म्हणजे ब्रेव्हजच्याच एका पिचरने पुढे कबूल केलं की त्यांची मंडळी बुलपेनमधून (राखीव पिचर बसतात ती जागा) कॅचरच्या खुणा चोरून पुढचा बॉल कुठला ते बॅटरला कळवत होती. म्हणजे पेपर फुटलेला आणि तरी सगळे नापास.

तेराव्या इनिंगला थर्ड बेसवाल्या डॉन होकने पहिल्या बेसकडे थ्रो चुकवला आणि फेलिक्स मँटिया बेसवर पोचला. परफेक्ट गेम गेला, पण हिट अजून नव्हती. मॅथ्यूजने बंट करून (बॉलला बॅट नुसती हळूच लावून) त्याला दुसऱ्या बेसवर ढकललं, हँक एरनला मुद्दाम वॉक दिला (त्याच्याशी कोण पंगा घेणार), आणि मग जो ॲडकॉकने बॉल सरळ कुंपणापार मारला. होमरन, तीन रन, मॅच खलास, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही झालं. एरनला वाटलं की मँटिया घरी पोचला तिथेच मॅच संपली, म्हणून तो मधूनच डगआऊटकडे वळला, आणि मागून आपल्याच धुंदीत धावणारा ॲडकॉक त्याच्या पुढे निघून गेला. पुढच्या रनरला ओलांडलं की ओलांडणारा आऊट, नियम आहे. मग खल झाला, आणि शेवटी लीगच्या अध्यक्षांनी निकाल दिला की ॲडकॉकचा तो फटका होमरन नाही, डबल (दोन बेसचा फटका) धरायचा, आणि रन एकच. फायनल स्कोअर १-०.

आता वहीत काय दिसतं बघा. कुंपणापार गेलेला होमरन डबल म्हणून लागला. बर्डेटने १३ इनिंगमध्ये १२ हिट दिल्या आणि जिंकला, हॅडिक्सने एक दिली आणि हरला. आणि एवढ्यावर भागलं नाही. १९९१ मध्ये बेसबॉलच्या समितीने नो-हिटरची (एकही हिट न देता काढलेली मॅच) व्याख्या कडक केली, की मॅच पूर्ण संपेपर्यंत हिट पडता कामा नये, आणि त्या झटक्यात जुने जवळपास ५० नो-हिटर यादीतून उडाले, त्यात हॅडिक्सचाही. म्हणजे इतिहासातली बहुधा सगळ्यात जबरदस्त पिचिंग, आणि अधिकृत खात्यावर साधा पराभव. मला विचाराल तर नियम म्हणून समितीचं बरोबर आहे आणि तरी हॅडिक्सचं नाव काढलं की राग येतोच.

त्याच १९९१ च्या कात्रीत अर्नी शोरही सापडला. २३ जून १९१७, बोस्टन. मॅच सुरू करायला पिचर म्हणून उतरला होता बेब रूथ, हो तोच, तेव्हा तो पिचर होता. पहिल्याच बॅटरला वॉक गेला, रूथ अंपायरशी भांडला आणि भांडता भांडता त्याला ठोसाच लगावला. हाकलला त्याला. शोर धड वॉर्मअप न करता आला, तो वॉकवाला रनर बेस चोरायला गेला (म्हणजे बॉल मारला नसतानाच पुढच्या बेसकडे पळाला) आणि आऊट झाला, आणि पुढचे २६ शोरने ओळीने काढले. त्याच्या हातून एकही माणूस बेसवर गेला नाही, आऊट सगळे २७ तो मैदानात असताना झाले, तरी परफेक्ट गेम नाही, दोघांचा मिळून नो-हिटर. म्हणजे त्यात रूथचंही नाव आहे, ज्याने एक वॉक आणि एक ठोसा एवढंच योगदान दिलं.

आणि २०१० चा डेट्रॉइटचा अरमांडो गॅलारागा. २६ आऊट ओळीने, सत्ताविसावा बॅटर पहिल्या बेसवर स्पष्ट आऊट, टीव्हीवर बघणाऱ्या सगळ्यांना दिसलं, अंपायर जिम जॉइसने सेफ दिला. तेव्हा अशा निर्णयाला रिव्ह्यू नव्हता. गॅलारागा नुसता हसला, परत गेला आणि पुढचा बॅटर काढला. मॅचनंतर जॉइसने रिप्ले बघितला आणि उघडपणे सांगितलं की चूक माझी. दुसऱ्या दिवशी लाइनअप कार्ड (टीमची यादी) अंपायरला द्यायला टीमने मुद्दाम गॅलारागालाच पाठवलं आणि जॉइस तिथे डोळे पुसत होता, व्हिडिओ आहे, बघाच. कमिशनरने निर्णय काही बदलला नाही. त्यामुळे लोक त्याला गमतीने २८ आऊटचा परफेक्ट गेम म्हणतात, यादीत मात्र तो नाही.

पिचरांचं पुरे. आता एक माणूस दोन ठिकाणी कसा असू शकतो ते बघू.

४ ऑगस्ट १९८२, जोएल यंगब्लड. दुपारी न्यूयॉर्क मेट्सकडून शिकागोला खेळत होता, तिसऱ्या इनिंगला हिट मारून दोन रन आणले, आणि थोड्याच वेळात मॅनेजरने बाहेर बोलावून सांगितलं की बाबा तुला मॉन्ट्रियलला दिलंय, त्यांची मॅच आज रात्री फिलाडेल्फियात आहे, निघ. हा टॅक्सीने निघाला, वाटेत लक्षात आलं की ग्लव्हच ग्राउंडवर राहिला, टॅक्सी वळवून परत आला, ग्लव्ह घेतला, विमान पकडलं, आणि रात्री नवीन टीमच्या शर्टात मॅच अर्धी झाल्यावर उतरून पुन्हा हिट मारली. एका दिवसात दोन टीमकडून दोन शहरांत हिट, असं करणारा तो एकटा. आणि ज्यांना मारल्या ते कोण? दुपारी फर्गी जेंकिन्स, रात्री स्टीव्ह कार्लटन, दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. यंगब्लड स्वतः तसा साधाच प्लेअर होता, हे मला विशेष आवडतं.

मला वाटायचं याच्यापुढे काही नाही. मग २०२४ मध्ये डॅनी जॅन्सन आला. २६ जूनला बोस्टनमध्ये टोरंटो ब्लू जेज विरुद्ध बोस्टन रेड सॉक्स, दुसरी इनिंग, टोरंटोचा जॅन्सन बॅटिंगला, एक बॉल खेळून झालेला, आणि धो धो पाऊस. मॅच थांबवली, उरलेली ऑगस्टमध्ये खेळायचं ठरलं. मधल्या काळात जुलैअखेर टोरंटोने जॅन्सनला कुणाला द्यावं? बोस्टनला. मग २६ ऑगस्टला मॅच जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली. तीच इनिंग, तीच अर्धवट बॅटिंग, फक्त बॅटिंगला जॅन्सनच्या जागी बदली म्हणून डॉल्टन वार्शो, आणि त्याच्या मागे बोस्टनचा कॅचर म्हणून ग्लव्ह घालून बसलेला खुद्द जॅन्सन! स्वतःच सुरू केलेल्या बॅटिंगला तो आता मागे बसून कॅचिंग करत होता, आणि वार्शो स्ट्राइकआऊट झाला. मेजर लीगमध्ये एकाच मॅचमध्ये दोन्ही टीमकडून खेळलेला हा पहिला माणूस. एकाच लग्नात वरपक्षाकडूनही मानाचं पान आणि वधूपक्षाकडूनही, तसलं काहीतरी.

ही मॅच ज्यांनी हाताने स्कोअरकार्डवर उतरवली असेल त्यांचा मला हेवा वाटतो. मी अमेरिकेत नोकरीला असताना ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने स्कोअर लिहायला शिकवलं होतं. प्रत्येक फील्डरला नंबर असतो, पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) ६, मग आऊटफील्ड ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलून सेकंड बेसला दिला आणि त्याने फर्स्टला, दोन आऊट, तर लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआऊटला इंग्रजी के काढतात, आणि बॅटर नुसता बघत उभा राहून आऊट झाला असेल तर तोच के उलटा. एकदा ही सवय लागली की जुनं कार्ड वाचताना मॅच डोळ्यासमोर दिसायला लागते. त्याच पद्धतीत नुसता ४ हा आकडा लागून तीन आऊट, हे २३ ऑगस्ट २००९ ला फिलाडेल्फियाच्या एरिक ब्रंटलेटने केलं. नवव्या इनिंगला याच्याच गोंधळामुळे पहिल्या दोन्ही बेसवर माणसं जमली होती, दोन्ही रनर पळत सुटले, बॅटरने सरळ याच्या हातात मारला, याने कॅच घेतला, तिथला रनर परतायच्या आत सेकंड बेसवर पाय ठेवला, समोरून येणाऱ्याला टॅग केलं (हातातला बॉल अंगाला लावला), आणि तीन सेकंदांत मॅच संपली. एकट्याने तीन आऊट, असं मेजर लीगच्या इतिहासात फक्त १५ वेळा झालंय, म्हणजे परफेक्ट गेमपेक्षाही दुर्मिळ.

आता निव्वळ आकड्यांची गंमत, इथे पटापट जातो. स्टॅन म्यूझियलच्या करिअरमध्ये ३६३० हिट, त्यातल्या घरच्या मैदानांवर १८१५ आणि बाहेरच्या मैदानांवर १८१५. ठरवूनही जमणार नाही. ख्रिस डेव्हिस नावाच्या बॅटरचं ॲव्हरेज २०१५ ला .२४७, २०१६ ला .२४७, २०१७ ला .२४७ आणि २०१८ ला, बरोबर, .२४७. याच काळात बाल्टिमोरला दुसरा एक ख्रिस डेव्हिस होता, नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, त्याने २०१८ च्या शेवटापासून २०१९ च्या एप्रिलपर्यंत सलग ५४ वेळा बॅटिंग करून एकही हिट मारली नाही, पिचर सोडून बाकीच्यांत हाही विक्रमच. टोनी ग्विन आणि ग्रेग मॅडक्स, आपल्या काळातला उत्तम बॅटर आणि उत्तम पिचर, १०७ वेळा समोरासमोर आले आणि मॅडक्सला त्याला एकदाही स्ट्राइकआऊट करता आलं नाही. बेब रूथने १९२० मध्ये ५४ होमरन मारले, अमेरिकन लीगमधल्या बाकीच्या कुठल्याही अख्ख्या टीमला तेवढे जमले नव्हते. ब्रॅडमनचा ९९.९४ जसा इतरांपासून तुटून वेगळा उभा दिसतो, तसं ते वर्ष. आणि हॉयट विल्हेल्मने १९५२ मध्ये मेजर लीगमधल्या पहिल्याच बॅटिंगला होमरन मारला, मग आणखी वीस वर्षं खेळला, हजारावर मॅच, दुसरा होमरन काही आला नाही.

फर्नांडो टाटीस सीनियरवर मात्र थांबावं लागेल. २३ एप्रिल १९९९, लॉस एंजेलिस, सेंट लुईसची बॅटिंग, तिसरी इनिंग. तिन्ही बेस भरलेले, टाटीसने मारला, चार रन, याला ग्रँड स्लॅम म्हणतात, आणि त्याचा हा करिअरमधला पहिलाच. मग टीमची बॅटिंग चालूच राहिली, फिरत फिरत परत त्याचा नंबर आला, परत तिन्ही बेस भरलेले, आणि पिचर तोच, चॅन हो पार्क! परत ग्रँड स्लॅम. एका इनिंगमध्ये एकाच बॅटरचे दोन, दुसऱ्या कुणाचेही नाहीत. टाटीसचं मला आश्चर्य वाटतंच, पण त्याहून जास्त वाटतं ते डॉजर्सच्या मॅनेजरचं, की एवढा मार खाल्ल्यावरही त्याने पार्कला तिथेच कसं ठेवलं. घरी तेव्हा साधारण पावणेचार महिन्यांचं बाळ होतं, ते म्हणजे आताचा स्टार फर्नांडो टाटीस ज्युनियर.

१९४१ बद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जो डिमॅजिओने सलग ५६ मॅचमध्ये हिट मारली, हा विक्रम अजून अबाधित आहे, १९७८ मध्ये पीट रोज ४४ पर्यंत आला तेवढंच. पण त्या ५६ मॅचच्या काळात डिमॅजिओचं ॲव्हरेज होतं .४०८, आणि नेमक्या त्याच दिवसांत बोस्टनच्या टेड विल्यम्सचं त्याच्याहून जास्त होतं! विल्यम्सने तो सीझन .४०६ वर संपवला. शेवटच्या दिवशी सकाळी त्याचा आकडा .३९९५५ होता, गोळाबेरीज करून .४०० धरला गेला असता, बाहेर बसला असता तरी चाललं असतं. तो दोन्ही मॅच खेळला, आठपैकी सहा हिट मारल्या. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये चारशेला कुणी पोचलं नाही. बरं, एवढं करून त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान डिमॅजिओलाच गेला. यावर मी कुणाशीही तासभर भांडायला तयार आहे.

शेवटी ती लांबलचक मॅच, कारण तुमच्या प्रश्नात "खरं वाटत नाही" हे शब्द आहेत. १८ एप्रिल १९८१, ऱ्होड आयलंड राज्यातलं पॉटकेट, मायनर लीग, म्हणजे मोठ्या लीगच्या एक पायरी खाली. पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर. नऊ इनिंगनंतर १-१. थंडी एवढी की प्लेअर तुटक्या बॅट आणि बाकांची फळकुटं पिंपात जाळून शेकत होते. रात्री अमुक वाजता मॅच थांबवायची असा नियम लीगमध्ये होता, पण अंपायरकडे असलेल्या त्या वर्षीच्या पुस्तकात तो छापायचाच राहिला होता, त्यामुळे त्यांनी थांबवलं नाही. एकविसाव्या इनिंगला रॉचेस्टरने एक रन काढला, वाटलं सुटलो, तर पॉटकेटच्या वेड बॉग्जने मारून परत बरोबरी केली. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ईस्टरच्या दिवशी, ३२ इनिंग झाल्यावर लीगच्या अध्यक्षांचा निरोप आला आणि मॅच थांबली. १७४० प्रेक्षक आले होते, त्यातले तेव्हा स्टँडमध्ये १९ उरले होते आणि त्यांना क्लबने सीझन पास दिले. रॉचेस्टरकडून थर्ड बेसला होता कॅल रिपकेन, पुढे सलग २६३२ मॅच न चुकता खेळणारा तोच. त्याच टीमच्या डॅलस विल्यम्सने या एका मॅचमध्ये १३ वेळा बॅटिंग करून शून्य हिट मारल्या, एरवी हे करायला तीन-चार दिवस लागतात. उरलेली मॅच २३ जूनला. तेव्हा मोठ्या लीगमध्ये संप चालू होता, पत्रकारांना काम नव्हतं, सगळे पॉटकेटला लोटले, ग्राउंड भरलं, आणि तेहतिसावी इनिंग १८ मिनिटांत आटपली. डेव्ह कोझाच्या हिटवर पॉटकेट ३-२ ने जिंकलं. रिपकेन आणि बॉग्ज हॉल ऑफ फेममध्ये गेले, कोझाला मेजर लीगची एकही मॅच मिळाली नाही.

अजून रिकी हेंडरसनचे १४०६ चोरलेले बेस आहेत, ओतानीची २०२४ मधली मायामीची मॅच आहे, तीन होमरन, दहा रन आणले, दोन बेस चोरले, सहापैकी सहा हिट. पण त्यांच्यावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ पडलेत. इथल्या कुठल्या किश्श्याचा नियम कळला नसेल तर कमेंटमध्ये विचारा, फक्त "हॅडिक्सला न्याय मिळाला पाहिजे का" हे विचारू नका, त्याचं उत्तर अजून लांब होईल.